ध्येय दर्शनी भागात लावावे

कॉलेजचं ध्येयवाक्य उभं राहून वाचणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. लोक त्याखाली उभे राहतात, ही गोष्ट वेगळी. पाऊस आला की राहतात, फीची रांग लांबली की राहतात, आणि मोबाइलला रेंज तिथेच मिळते म्हणूनही राहतात. आमच्या वडगाव मावळाकडे जूनच्या मध्यापासून पाऊस असा काही लागून राहतो की त्या फलकाच्या आडोशाला एफवाय बीकॉमचा अख्खा वर्ग मावतो. हजेरी घ्यायची तर तिथेच घ्यावी. फलकावर डावीकडे ‘आमची दृष्टी’, उजवीकडे ‘आमचे ध्येय’, मधोमध संस्थापकांचा फोटो आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाइल नंबर. यातला कुणी वहीत उतरवून घेताना मी पाहिलेला मजकूर एकच, तो तळाचा. त्या मुलाला दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा होता.

मी अशाच एका कॉलेजात मराठी शिकवतो. कोणत्या, ते विचारू नका. फलक वाचून तर मुळीच ओळखू येणार नाही. देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत, रेल्वेच्या आणि जुन्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना इतकी कॉलेजं झाली आहेत, कला-वाणिज्यवाली, अभियांत्रिकीवाली, फार्मसीवाली, हॉटेल मॅनेजमेंटवाली, की एका रात्रीत कुणी सगळ्यांच्या फलकांची अदलाबदल केली तर सकाळी कुणाच्या ध्यानात येणार नाही. फार तर संस्थापकांचे वारस तक्रार करतील, तीही फोटोवरून.

कारण मजकूर सगळीकडे तोच. सर्वांगीण विकास आहे. एकांगी विकासाचा संकल्प सोडलेली संस्था महाराष्ट्रात नाही. मूल्याधिष्ठित शिक्षण आहे, जागतिक दर्जा आहे, उत्कृष्टतेचा ध्यास आहे. ग्रामीण व दुर्गम भागातील विद्यार्थी आहेत. ज्यांच्या गच्चीवरून एक्स्प्रेस वेवरच्या गाड्या मोजता येतात, त्यांच्याही फलकावर दुर्गम आहे. असलं वाक्य पारखायचं तर ते उलटं करून बघावं. ‘विद्यार्थ्यांचा जमेल तेवढा विकास करू, कुणाचा राहिला तर नाइलाज आहे’ असं कुणी लिहील का? नाही ना? मग सुलट लिहूनही काही सांगितलं असं होत नाही. उलट, अशी पाटी लावणारं कॉलेज खरोखर निघालंच तर मी माझ्या भाच्याला डोळे झाकून तिथे घालीन. तिथली माणसं खरं बोलतात एवढी तरी खात्री.

मुळात हा उद्योग मास्तरांचा नव्हे, कंपन्यांचा. अमेरिकेत व्यवस्थापनशास्त्राचे गुरू मानले गेलेले पीटर ड्रकर यांनी १९७३ सालच्या आपल्या जाडजूड पुस्तकात कंपन्यांना एक साधा प्रश्न विचारायला लावला, आपला धंदा नेमका कोणता? प्रश्न चांगला होता. पण कंपन्यांनी विचार करण्याऐवजी उत्तराची चौकट करून स्वागतकक्षात टांगली. तिथून ती चौकट परदेशी विद्यापीठांत गेली आणि तिथून समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. आमच्याकडे तिला अधिकृत बळ मिळालं ते नॅकमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९४ साली ही मूल्यांकन परिषद काढली, मुख्यालय बंगळुरूला ठेवलं, आणि तेव्हापासून आमच्या प्राचार्यांना बंगळुरू म्हटलं की बागा, हवामान, सॉफ्टवेअर यांतलं काहीही आठवत नाही.

अभियांत्रिकीवाल्यांची परीक्षा निराळी, तिचं नाव एनबीए. तळेगावच्या बाजूला एका अभियांत्रिकी कॉलेजात माझा मित्र आहे. त्यानं मला २०१५ सालचा नमुना दाखवला होता. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठीच्या त्या नमुन्यात एक हजार गुण आणि त्यांतला पहिलाच निकष दृष्टी, ध्येय आणि अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांचा, गुण ६०. त्याची पोटविभागणी वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. दृष्टी आणि ध्येय काय ते लिहा, याला ५ गुण. ते कुठे कुठे लावलंत ते सांगा, याला १०. आणि ते कोणत्या प्रक्रियेनं ठरवलंत ते सांगा, याला २५! म्हणजे ध्येय असण्याला जेवढा भाव, त्याच्या दुप्पट ते टांगण्याला आणि पाचपट त्यासाठी बैठका भरवण्याला. असा नमुना करणाराला आपला देश पुरेपूर कळलेला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मित्र म्हणाला, ‘‘पंचविसातले तेवीस तर आपण कुठे सोडत नाही. पालक, माजी विद्यार्थी, उद्योजक, सगळ्यांशी विचारविनिमय झाला पाहिजे. सह्या पाहिजेत. फोटो पाहिजेत.’’

‘‘उद्योजक कुठून आणलास?’’

‘‘मेव्हण्याचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. तीन लेथ आहेत. आला, बसला, सही केली, पुरणपोळी खाऊन गेला.’’

‘‘काही सूचना केली का त्यानं?’’

‘‘केली ना. म्हणाला, पोरांना व्हर्निअर नीट धरता येत नाही, तेवढं बघा. ते आपण कार्यवृत्तात ‘उद्योगक्षेत्राच्या अपेक्षांशी सुसंगती’ असं घेतलंय.’’

आमच्या कॉलेजात ध्येयवाक्य समिती नेमली तेव्हा मला त्यात घेतलं ते ‘भाषा तुमची’ या एकाच पात्रतेवर. बाकी प्राचार्य होतेच, आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक मॅडम होत्या (मूळ विषय रसायनशास्त्र, गेली काही वर्षं विषय फायली), आणि ज्यांना कुठल्याच समितीत घेतलेलं नव्हतं म्हणून या समितीत घेतलेले भूगोलाचे सर होते. बैठकीच्या आधीच मसुदा तयार होता. मॅडमनी तो रात्री जागून तयार केला होता, म्हणजे दोन-चार कॉलेजांच्या मसुद्यांतून ‘प्रेरणा घेतली’ होती. प्राचार्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीत ठेच लागल्यासारखे थांबले.

‘‘मॅडम, यात मच्छीमार समाज आलाय.’’

‘‘अगंबाई! मजकुराबरोबर आला वाटतं.’’

‘‘आपल्याकडे समुद्र कुठाय?’’

यावर भूगोलाच्या सरांना कधी नव्हे तो कंठ फुटला. ‘‘समुद्र नसला तरी पवना धरण आहे, वडिवळे आहे. आणि कातकरी वाड्यांवरचे लोक मासे धरतातच की. मी म्हणतो, राहू द्या. अख्ख्या मसुद्यात आपल्या तालुक्याबद्दल तेवढंच एक वाक्य आहे.’’

सरांचं म्हणणं एकदम बरोबर होतं, आणि तेच अडचणीचं होतं. कातकऱ्यांचा उल्लेख ठेवला तर त्यांची किती मुलं आपल्याकडे बारावीच्या पुढे पोचली, हे तपासणीत कुणीतरी विचारणार. प्राचार्यांनी पेन उचललं आणि मच्छीमारांना खोडून त्यांच्या जागी ‘समाजातील सर्व घटक’ बसवले. सर्व घटकांचं एक बरं असतं. त्यांतला एकही वर्गात हजर आहे का, हे मोजता येत नाही.

मावळाला असल्या मोठमोठ्या वाक्यांची सवय नाही असं मात्र कुणी समजू नये. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाणारी मंडळी शेजारच्या लेण्यात डोकावतात, फोटो काढतात आणि उतरतात. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल त्यात नोंदवतो की हे शैलगृह आपण पूर्णत्वाला नेलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. आता जंबुद्वीपात उत्तम म्हणजे आमच्या मॅडमच्या मसुद्यातलं ‘जागतिक दर्जा’च. पण भूतपालशेठनी आधी डोंगर कोरून घेतला, मग वाक्य कोरलं, आणि खाली ‘समाजातील सर्व घटक’ असं न लिहिता स्वतःचं नाव गाव टाकलं. आतल्या खांबांवरही तसंच, हा खांब अमक्या गावच्या अमक्यानं दिला. धेनुकाकटच्या यवनांनीसुद्धा खांब दिले आणि नावं घातली. आज पुरातत्त्ववाले मोजमाप घेऊन सांगतात, देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह हेच. शेठजींना नॅकची ए प्लस प्लस श्रेणी द्यायला हरकत नाही. फक्त त्यांनी हे ठरवण्याची प्रक्रिया कुठे नोंदवलेली नाही, त्यामुळे पंचवीस गुण गेले.

उलट बाजूचा दाखला पाहायचा तर वडगावातच पाहावा. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून कार्ल्यापर्यंत आली. तिथे त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आमच्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. फौज रेटून तळेगावापर्यंत गेली, तर मराठ्यांनी गाव आधीच जाळून मोकळं केलेलं. खायला दाणा नाही. जड तोफा तळ्यात ढकलून मंडळी रातोरात मागे फिरली आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली. १६ जानेवारी १७७९ रोजी तह झाला. १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत करतो, राघोबांना हवाली करतो, बंगालकडून येणारी कुमक परत पाठवतो, सगळं कबूल. सह्या झाल्या. आणि फौज सुखरूप मुंबईला पोचल्यावर कंपनी सरकारनं सांगितलं की ज्यांनी सह्या केल्या त्यांना तसा अधिकारच नव्हता. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनंही तह धुडकावला. वडगावात महादजींचं स्मारक आहे, ते योग्यच आहे. पण माझं मत विचाराल तर त्या कागदाचंही एखादं छोटं स्मारक संस्थाचालकांच्या सोयीसाठी असायला हवं. वेढ्यात असताना काय वाटेल ते लिहून द्यावं, तपासणीचं पथक गेलं की अधिकार नव्हता म्हणावं, ही विद्या या मातीत इंग्रज शिकवून गेले.

आणि ज्यांना खरोखर ध्येय होतं त्यांची कथा? तीही जवळच आहे, एका स्टेशनावर. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांनी १९०६ साली कोल्हापूरकडे समर्थ विद्यालय काढलं आणि पुढे ते तळेगावला आणलं. राष्ट्रीय शिक्षण, मातृभाषेतून, सरकारी मदतीशिवाय. विजापूरकरांना त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखापायी तुरुंगात जावं लागलं आणि १९१० साली सरकारनं विद्यालयावर बंदी घातली. शिक्षणसंस्थेला ध्येय आहे याचा याहून भक्कम पुरावा आजवर कुणाला जोडता आलेला नाही. नॅकच्या नमुन्यात ‘सरकारने बंदी घातली असल्यास तपशील द्या’ असा रकाना नाही, हा त्यातला दोष मी समन्वयक मॅडमच्या कानावर घातला होता. त्यांनी मला चहा घ्यायला सांगितलं. त्याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना एवढीच, की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी कारखाना निघावा. ध्येय नावातच होतं आणि खिशात मावत होतं. ते लॅमिनेट करायची गरज पडली नाही.

पुण्याला तर ध्येयावरून भांडायची रीतच होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी पोटापुरतं घ्यावं आणि सगळा वेळ संस्थेला द्यावा की बाहेरची कामंही करावीत, यावरून टिळक आणि त्यांचे सहकारी एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला, तोही लांबलचक कारणमीमांसेसह. हल्ली ध्येयवाक्याशी मतभेद म्हणून कुणी राजीनामा दिल्याचं ऐकिवात नाही. देणार तरी कसा? सर्वांगीण विकासाला विरोध म्हणून?

याच वडगावात एक असं आवार आहे की जिथे दृष्टी कुठली नि ध्येय कुठलं हे विचारायला मी आजवर गेलो नाही, कारण ते मला रोज दुपारी डब्यात मिळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं इथलं संशोधन केंद्र भातावर काम करतं. १९८७ साली बाहेर आलेला इंद्रायणी तांदूळ तिथला. आंबेमोहराचा वास राहावा, पण लोंबी उतारा देणारी असावी आणि पावसाळी वाऱ्यात रोप आडवं होऊ नये, एवढ्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं चिखलात उभं राहून काढलेला वाण. आमच्या भूगोलाच्या सरांनी बैठकीत सुचवलं होतं की आपण आपल्या ध्येयात ‘इंद्रायणीसारखं काहीतरी एक’ असं लिहावं. प्राचार्य म्हणाले, ‘‘सर, एक नको. एक लिहिलं की ते दाखवावं लागतं.’’

आता या फलकाच्या समोरच्या भिंतीबद्दल सांगायला हवं. तिथे काचेचं कपाट आहे, त्यात भित्तिपत्रक लागतं. भित्तिपत्रक म्हणजे आमच्या कॉलेजातली एकमेव जागा, जिथे आजवर कुणी सही-शिक्क्याशिवाय काही लिहिलेलं आहे. कपाटाची किल्ली वरचेवर हरवते, त्यामुळे ‘वर्षा विशेषांक’ होळीपर्यंत लागलेला असतो आणि भुशी डॅमवरच्या कविता आम्ही मार्चच्या उन्हात वाचतो. गेल्या खेपेला संपादकपद नाणे मावळातून येणाऱ्या एका एसवाय बीएच्या मुलीकडे आलं. तिनं कविता बाजूला ठेवल्या आणि मधोमध एकच प्रश्न लावला: आपण कॉलेजला का येतो? खाली बिस्किटाच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून पेटी. नाव लिहायचं नाही, एवढीच अट.

मला वाटलं होतं, दोन टवाळ चिठ्ठ्या येतील आणि एक प्रेमपत्र. पेटी भरली. पुन्हा रिकामी करून लावली, पुन्हा भरली. मुलीनं सगळ्या चिठ्ठ्या पिवळ्या कार्डशीटवर डकवल्या आणि कपाटापुढे अशी गर्दी झाली की ध्येयाखाली उभी राहणारी पोरंसुद्धा पाठ फिरवून तिकडे बघू लागली.

एकानं लिहिलं होतं, पोलीस भरतीसाठी. आमच्या मैदानाला चारशे मीटरची मारून-मुटकून एक फेरी बसते, चार फेऱ्या मारल्या की सोळाशे मीटर. मुलांच्या शारीरिक चाचणीत तेवढंच धावायचं असतं. पहाटे मैदान भरलेलं आणि पहिल्या तासाला वर्ग रिकामा, याचं कोडं मला तेव्हा सुटलं. दुसऱ्यानं लिहिलं, आवणीतून सुटका. खाली वेगळ्या पेनानं कुणीतरी जोडलं होतं: सुटका कसली, आज सकाळी बापानं दोन वाफे लावून घेतले मग सोडलं. एकानं, एमआयडीसीत कंत्राटी लागायलासुद्धा ग्रॅज्युएट मागतात. एकीनं, स्कॉलरशिपचे पैसे घरखर्चाला येतात. एकानं फक्त ‘कँटीन’. एकानं, आजी सगळ्यांना सांगते नातू कॉलेजला आहे, आता बंद कसं करू.

एका चिठ्ठीत वहीच्या मार्जिनएवढ्या अक्षरात होतं: जमीन रस्त्यात गेली, आई म्हणते, निदान डिग्री तरी कुणाला नेता येणार नाही अशी करून ठेव. दुसरी कुणा मुलीची असणार: कुठं चाललीस विचारलं की कॉलेजला म्हटलं तरच घरातून सोडतात. मैत्रिणीकडे म्हटलं तर नाही, लायब्ररीत म्हटलं तर नाही, कॉलेजला म्हटलं की सोडतात. तिला नॅक माहीत नव्हतं, तिला सर्वांगीण विकास हा शब्दही बहुधा रोज दिसून न दिसल्यासारखा झाला असेल. पण आमच्या इमारतीचा उपयोग काय, हे तिनं जितकं नेमकं लिहिलं होतं तितकं आमच्या समितीला जमलं नसतं. आणि जमलं असतं तरी प्राचार्यांनी ‘समाजातील सर्व घटक’ करून टाकलं असतं.

प्राचार्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या. अगदी शेवटपर्यंत वाचल्या, हे त्यांच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. मग म्हणाले, ‘‘छान उपक्रम आहे. पथक येऊन जाईपर्यंत उतरवून ठेवा.’’

उतरवण्याआधी मॅडमनी त्या कार्डशीटचा अक्षांश-रेखांशासह फोटो मात्र काढून घेतला. मोबाइलमधलं तसलं ॲप आमच्याकडे प्रत्येकाकडे आहे. पुराव्याला असाच फोटो लागतो. चिठ्ठ्या बंद कपाटात गेल्या आणि फोटो अहवालात गेला. त्याखाली लिहिलं होतं, ‘विद्यार्थी अभिप्राय यंत्रणा’. अक्षरं वाचता येऊ नयेत इतका लहान छापायची खबरदारी घेतली होती.

पथक आलं. परराज्यांतली सभ्य, अभ्यासू माणसं होती. आमच्यापेक्षा जास्त कॉलेजं फिरलेली, त्यामुळे आमच्यापेक्षा जास्त ध्येयवाक्यं सोसलेली. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मुलांची तयारी करून घेतली होती; ध्येय कुणी विचारलं तर पहिल्या बाकावरच्या दोघींनी सांगायचं, मागच्यांनी माना हलवायच्या. पण परीक्षकांचं आणि पाव्हण्यांचं काही सांगता येत नाही. पथकातले वयस्क गृहस्थ सरळ मैदानाकडे चालत गेले आणि बूट बांधत बसलेल्या कामशेतच्या एका पोराला त्यांनी हिंदीत विचारलं, ‘‘बेटा, कॉलेज का मिशन क्या है?’’

पोरगं ताडकन उभं राहिलं आणि म्हणालं, ‘‘पोलीस भरती, सर!’’

मॅडमनी डोळे मिटले. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘कितने मिनट में दौड़ते हो?’’ पोरानं वेळ सांगितली. गृहस्थांनी ती वहीत लिहून घेतली आणि बराच वेळ दोघं गोळाफेकीबद्दल बोलत राहिले. नंतर परतताना ते माझ्याशी म्हणाले की सबंध दिवसात वेळेचा आकडा विचारल्याबरोबर सांगणारा हा पहिलाच भेटला.

निरोपाच्या बैठकीत पथकानं सूचना वाचून दाखवल्या. मैदानाला कुंपण करावं. ग्रंथालयाची वेळ वाढवावी. दुपारी लोकलला मोठी फट पडते, तेवढा वेळ मुलांना बसायला जागा असावी. या तिन्ही सूचनांवर प्राचार्यांनी मान डोलावली आणि ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असं पुटपुटले. चौथी सूचना, संस्थेचे ध्येय अधिक ठळकपणे, दर्शनी भागात लावावे. ही मात्र त्याच आठवड्यात अमलात आली. आधीचा फलक आठ बाय सहाचा होता, नवा बारा बाय दहाचा झाला. संस्थापकांचा फोटो वाढला, फ्लेक्सवाल्याचा नंबरही वाढला. ‘उत्कृष्टता’ त्यानं ‘उत्कृष्ठता’ छापली. मी फोन केला तर म्हणाला, ‘‘सर, सगळ्या कॉलेजांना असंच दिलंय, कुणाची तक्रार नाही.’’ २०२४च्या सुरुवातीला नॅकनं श्रेणीऐवजी नुसतं ‘मान्यता आहे’ किंवा ‘नाही’ असं करण्याची घोषणा केली तेव्हा तो मला आपणहून म्हणाला होता, ‘‘म्हणजे सर, आता ए प्लस प्लसचे फ्लेक्स बंद का?’’ आवाजात खरं दुःख होतं.

जुन्या फलकाचं काय झालं हे मला भाताची कापणी संपल्यावर कळलं. नाणे मावळात एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. गोठ्याच्या पत्र्यावर आमचा फ्लेक्स ताणून बांधलेला, उलटा, त्यामुळे ‘आमची दृष्टी’ आता उजवीकडे आणि शेणाच्या ढिगाकडे होती. म्हैस ध्येयाखाली रवंथ करत होती. विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, ‘‘शिपाई मामांनी दिला, सर. कॉलेजचा फ्लेक्स बरा असतोय बघा, जाड. पुढाऱ्यांचा आणतो आम्ही, तो दोन पावसांत फाटतो.’’

मी म्हटलं, टिकला का या पावसात?

‘‘थेंब नाही आला आत. नवा लावलाय म्हणं तुम्ही, मोठा? तो कधी उतरवणार तेवढं आधी सांगा. कोंबड्यांच्या खुराड्याला पाहिजे होता.’’